परीक्षेत सायकल आली तर

समजा, रत्नागिरीजवळच्या हातखंब्याची एक मुलगी आहे. नर्सिंग पूर्ण झालंय, ब्रिटनमध्ये नोकरी करायची आहे आणि त्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. वाचन, लेखन आणि ऐकण्याची तयारी बऱ्यापैकी झाली. धाकधूक आहे ती तोंडी परीक्षेची. परीक्षक नाव विचारतो, गाव विचारतो आणि मग अगदी सहज म्हणतो, ‘डू यू राइड अ बायसिकल?’

प्रश्न सोपा आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. तिला पाठ केलेली वाक्यं आठवतात: सायकल पर्यावरणपूरक आहे, आरोग्याला उत्तम आहे, तिने प्रदूषण होत नाही. ती ही वाक्यं घडाघडा म्हणून टाकते. खरं तर दहावीनंतर ती सायकलवर बसलेलीच नाही. घर चढावर, खाली मुंबई-गोवा महामार्ग, त्यावर ट्रक आणि टँकरांची रांग. पावसाळ्याचे चार महिने पडवीत उभी राहून सायकलची चेन गंजून गेली. हे सगळं तिच्यापाशी आहे, पण याला उत्तर म्हणतात हेच तिला कोणी सांगितलेलं नाही.

या परीक्षेत सायकलची माहिती तपासत नाहीत. साध्याशा विषयावर इंग्रजीत सलग आणि समजेल असं बोलता येतं का, एवढंच पाहतात. त्यासाठी लागणारा ऐवज घरातच असतो. तो इंग्रजीत कसा न्यायचा, ते क्रमाने पाहू.

परीक्षा कशी असते

आयईएलटीएस ही परीक्षा या नावाने १९८९ पासून घेतली जाते. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज विद्यापीठाचा परीक्षा विभाग अशी तिघांची ती मिळून आहे. भारतात २०२१ पासून तिचं काम एकटी आयडीपी पाहते. पीटीई किंवा टोफेल या इंग्रजीच्या इतर परीक्षांमध्ये उमेदवार संगणकासमोर माइकवर बोलतो. इथे समोर किंवा व्हिडिओ कॉलवर खराखुरा माणूस असतो, आणि संभाषण रेकॉर्ड होतं.

तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. पहिल्या भागात चार-पाच मिनिटं ओळखीचे प्रश्न येतात: घर, काम, आवडीनिवडी आणि सायकलसारखे रोजचे विषय. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळतं. त्यावर एक विषय आणि त्याखाली तीन-चार मुद्दे असतात. कागद-पेन्सिल मिळते, विचार करायला एक मिनिट मिळतं, आणि मग एक ते दोन मिनिटं एकट्याने बोलायचं असतं. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या आसपासची, पण जरा मोठ्या आवाक्याची चर्चा होते. तीही चार-पाच मिनिटं चालते.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर बोलण्यात ७ बँड लागतो. वाचनात आणि ऐकण्यातही ७, लेखनात ६.५. बँड ९ पर्यंत असतात. म्हणजे ७ ही काही आकाशातली गोष्ट नाही, पण पाठांतराच्या शिडीने तिथे पोचता येत नाही.

गुण कशाचे

गुण चार गोष्टींना आणि चारही गोष्टींना सारखेच असतात. पहिली, बोलण्याचा ओघ आणि त्याची जुळणी. दुसरी, शब्दसंपत्ती. तिसरी, व्याकरण: त्यात किती विविधता आहे आणि ते किती बिनचूक आहे. चौथी, उच्चार.

या यादीत काय नाही तेही पाहा. मत बरोबर की चूक, याला गुण नाहीत. ‘मला सायकल आवडत नाही’ म्हणणाऱ्याचे गुण कापत नाहीत. मराठी वळणाच्या बोलण्याचेही कापत नाहीत. ऐकणाऱ्याला न अडखळता कळलं की झालं. गुण जातात ते दोन शब्दांत उत्तर संपवल्यावर, किंवा पाठ केलेला परिच्छेद ओकल्यावर. पाठांतर अनुभवी परीक्षकाला चटकन ओळखू येतं. सूर सपाट होतो, नजर छताकडे जाते आणि अवघड शब्द एकामागून एक पडू लागतात. मग तो मध्येच एखादा आडवा प्रश्न टाकतो, आणि उमेदवार उघडा पडतो.

सायकल, बायसिकल की बाइक

आपल्याकडे ‘बाइक’ म्हणजे मोटारसायकल. ब्रिटनमध्ये नुसतं ‘बाइक’ म्हटलं की बहुतेक वेळा सायकलच समजतात. म्हणून पहिल्या वाक्यात ‘बायसिकल’ म्हणावं आणि पुढे खुशाल ‘बाइक’ किंवा ‘सायकल’ म्हणावं. ‘सायकल’ हा शब्दही इंग्रजीत चुकीचा नाही. तिथल्या रस्त्यावरच्या मार्गिकेला ‘सायकल लेन’च म्हणतात.

उच्चार मात्र जपायचा. ‘मोटरसायकल’मध्ये ‘सायकल’ स्पष्ट ऐकू येतं, पण ‘बायसिकल’मध्ये ते ‘सिकल’ होतं आणि जोर ‘बाय’वर येतो. ‘बाय-सायकल’ हा आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा आहे. एक गंमत लक्षात ठेवली तर शब्दाशी ओळख वाढते. आपलं ‘चाक’ संस्कृत ‘चक्र’मधून आलं. ग्रीकमधला ‘क्युक्लोस’, ज्यातून ‘सायकल’ आला, आणि इंग्रजी ‘व्हील’ हे दोन्ही त्या ‘चक्रा’चेच भाऊबंद आहेत. भाषाशास्त्रज्ञ या तिघांना एकाच प्राचीन मूळ शब्दाची लेकरं मानतात.

‘चालवणे’ इंग्रजीत दोन ठिकाणी फुटतो

मराठीत आपण सायकल चालवतो, रिक्षा चालवतो, दुकान चालवतो आणि घरही चालवतो. इंग्रजीत यासाठी वेगवेगळी क्रियापदं लागतात. ज्यावर टांग टाकून बसतो ते ‘राइड’ करायचं: घोडा, सायकल, मोटारसायकल. ज्याच्या आत बसून चाक फिरवतो ते ‘ड्राइव्ह’ करायचं: मोटार, ट्रक, एसटी. म्हणून ‘आय ड्राइव्ह अ सायकल’ ही चूक लगेच कानाला लागते.

दुसरा खड्डा ‘येणे’ या क्रियापदाचा. ‘मला सायकल येते’ याचं इंग्रजी ‘आय कॅन राइड अ बायसिकल’. आपण जे ‘सायकल शिकले’ म्हणतो ते ‘आय लर्न्ट टु राइड अ बायसिकल’. नुसतं ‘आय लर्न्ट सायकल’ म्हटलं तर वाक्य लंगडतं.

तिसरा खड्डा चढावरचा, आणि तो खास कोकणातला. ‘चढाला सायकल हातात धरून नेली’ हे शब्दाला शब्द लावून सांगितलं तर परीक्षकाला वाटेल की सायकल उचलूनच नेली. तिथे म्हणायचं, ‘आय गॉट ऑफ अँड पुश्ड इट अप द हिल.’ उतरले आणि ढकलत वर नेली. ‘अपहिल’ आणि ‘डाउनहिल’ हे दोन शब्द हातखंब्याच्या माणसाने खिशात ठेवावेत. त्यांच्यावाचून इथलं एकही खरं वाक्य पूर्ण होणार नाही.

सायकलच्या दुकानातली भाषा

सायकल दुरुस्तीच्या दुकानात आपण जे बोलतो त्यातले निम्मे शब्द इंग्रजीच असतात. पण आपल्याकडे राहून ते मराठी झाले आहेत. परत इंग्रजीत नेताना त्यांचे कपडे बदलावे लागतात.

– पंक्चर काढणे: इथे ‘रिमूव्ह’ नको. ‘फिक्स अ पंक्चर’ किंवा ‘रिपेअर अ पंक्चर’. अमेरिकन माणूस म्हणेल ‘फ्लॅट टायर’.

– हवा भरणे: ‘पंप अप द टायर्स’. हवा गेली असेल तर ‘द टायर वेन्ट फ्लॅट’. कोणी खोडी काढून हवा सोडली असेल तर ‘समवन लेट द टायर्स डाउन’.

– चेन पडली: चेन जमिनीवर पडलेली नसते, दात्यांवरून उतरलेली असते. म्हणून ‘द चेन केम ऑफ’.

– घंटी मारली: ‘आय रँग द बेल’. घंटीला इंग्रजीत मारत नाहीत.

– ब्रेक मारला: इथे मात्र आपलं नशीब जोरावर आहे. ‘आय हिट द ब्रेक्स’ हे अस्सल इंग्रजी आहे. ब्रेक लागत नसतील तर ‘द ब्रेक्स डिडन्ट वर्क’.

– चाक आउट झालं: इंग्रजीत ‘आउट’ म्हणून भागणार नाही. ‘द व्हील वॉज बेन्ट’.

– ओव्हरऑइल: मूळ शब्द ‘ओव्हरहॉल’, म्हणजे सायकल पूर्ण उघडून, साफ करून पुन्हा जोडणे. त्यात तेल असतंच, म्हणून आपल्या दुकानांच्या पाट्यांवर ‘ओव्हरऑइलिंग’ झालं. परीक्षेत मूळ शब्दच वापरा.

– डबलसीट: हा शब्द भारताबाहेर कळत नाही. ‘माय फादर गेव्ह मी अ राइड ऑन द बॅक ऑफ हिज बायसिकल.’ पुढे दांडीवर बसला असाल तर ‘ऑन द क्रॉसबार’.

– हँडल आणि पायडल: ‘हँडलबार’ आणि ‘पेडल’. मराठीने ‘पेडल’मध्ये ‘पाय’ घुसवला आणि शब्द आपलासा केला. घरी तो तसाच असू दे. परीक्षेत ‘पे’ म्हणायचं.

ही यादी घोकायची नाही. यातले ज्यांचे प्रसंग आपल्या आयुष्यात घडले आहेत तेवढेच पाच-सहा शब्द निवडावेत. ज्याची चेन कधी पडली नाही त्याला ‘केम ऑफ’ वेळेवर आठवणार नाही. ज्याचे हात भर रस्त्यात काळ्या ग्रीसने बरबटले आहेत त्याला नक्की आठवेल.

जिभेवर अडणारे आवाज

मराठीत ‘व’ एक आहे आणि इंग्रजीत दोन. एक ओठांचा चंबू करून, ‘उ’ म्हणायला निघाल्यासारखा. ‘व्हील’मधला आवाज हा आहे. दुसरा वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. ‘व्हॉल्व्ह’मधले दोन्ही आवाज हे आहेत. आपल्या लिपीत आपण दोन्हीकडे ‘व्ह’ लिहितो, म्हणून डोळा फसतो आणि डोळ्यामागून जीभही फसते. आरशासमोर उभं राहून ‘व्हील’ आणि ‘व्हॉल्व्ह’ आळीपाळीने दहा वेळा म्हणा. पहिल्याला ओठ गोल दिसले पाहिजेत, दुसऱ्याला वरचे दात.

आपले ‘ट’ आणि ‘ड’ इंग्रजीपेक्षा जड पडतात. त्याची काळजी करू नका, अर्थ कळतो. शब्दातला जोर मात्र महत्त्वाचा आहे. ‘कॅरिअर’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि ‘करिअर’मध्ये शेवटच्या. जोर चुकला की सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसलेली मुलगी वडिलांच्या करिअरवर जाऊन बसते.

काळ सांभाळा

सायकलच्या गप्पांमध्ये भूतकाळ फार येतो, कारण बहुतेकांची सायकल बालपणातच राहिलेली असते. इथे मराठी मदतीला येते. ‘मी सायकलने शाळेत जायचे’ यातल्या ‘जायचे’ला इंग्रजीत चपखल जोडीदार आहे: ‘आय यूज्ड टु गो’. त्यातच ‘आता जात नाही’ हा अर्थ दडलेला असतो. म्हणून आजच्या सवयीसाठी तो वापरू नये. आज रोज जात असाल तर साधं ‘आय गो’ म्हणा.

उलट ‘पाच वर्षांपासून चालवतेय’ हे मराठीत वर्तमानकाळात बसतं आणि आपण घसरतो: ‘आय ॲम रायडिंग सिन्स फाइव्ह इयर्स.’ बरोबर वाक्य आहे ‘आय हॅव बीन रायडिंग फॉर फाइव्ह इयर्स’. वर्षं मोजायची असली की ‘फॉर’, सुरुवातीचं साल सांगायचं असलं की ‘सिन्स’.

‘असती तर’ हेही सोडू नका. ‘वेगळी मार्गिका असती तर मी सायकल चालवली असती’ यासाठी ‘इफ देअर वेअर अ सेपरेट लेन, आय वुड राइड’ म्हणा. असं एखादं वाक्य खऱ्या कारणासाठी आलं की व्याकरणातली विविधता आपोआप दिसते.

पहिला भाग: ‘नाही’पासून सुरुवात करा

आता हातखंब्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. ‘डू यू राइड अ बायसिकल?’ खरं उत्तर ‘नाही’ असेल तर ‘नाही’च म्हणा. फक्त तिथे थांबू नका. नाही, आधी कधी, का सुटली, आता काय, अशी चार पावलं टाका:

‘नॉट एनी मोअर. आय यूज्ड टु राइड टु स्कूल, बट आवर हाउस इज ऑन अ स्लोप, अँड द हायवे बिलो इज फुल ऑफ ट्रक्स. सो नाउ आय टेक द बस.’

यात एकही भारी शब्द नाही. पण भूतकाळ आहे, वर्तमान आहे, कारण आहे आणि एक गाव डोळ्यासमोर उभं राहतं. पहिल्या भागात एवढं पुरे.

‘तुमच्या भागात सायकली लोकप्रिय आहेत का?’ असं विचारलं तर आजूबाजूला पाहून उत्तर द्या. हातखंबा म्हणजे तिठा. मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता इथे फुटतो. रत्नागिरीहून येणारा मिऱ्या-नागपूर महामार्ग तो हाच. परीक्षकाला हातखंबा ठाऊक असण्याचं कारण नाही. म्हणून नाव घेऊन लगेच ओळख द्या: ‘अ व्हिलेज निअर रत्नागिरी, व्हेअर थ्री रोड्स मीट.’ तिठ्याला याहून चांगलं इंग्रजी नाही. पुढे सांगता येईल की वाहतूक अवजड आहे, रस्ता घाटवळणाचा आहे, मोठी माणसं दुचाकी वापरतात, आणि सायकल वाडीतल्या आतल्या रस्त्यांवर मुलांपाशी उरली आहे. हे सांगायला आकडेवारी लागत नाही, दारात उभं राहून पाहिलेलं लागतं.

दुसरा भाग: दोन मिनिटं एकटीने

कार्डावर ‘आठवणीत राहिलेला सायकलचा प्रवास’, ‘लहानपणी शिकलेलं कौशल्य’ किंवा ‘घरातली जुनी वस्तू’ अशा धाटणीचा विषय येऊ शकतो. तिन्हींना एकच सायकल पुरते, म्हणून एक आठवण नीट तयार ठेवणं फायद्याचं आहे. आठवण तयार ठेवायची, वाक्यं नव्हेत.

मिळालेल्या एका मिनिटात पूर्ण वाक्यं लिहीत बसू नका. सहा खुणा पुरतात. उदाहरणार्थ: काका – काळी – दांडी – उतार – करवंद – पडवी. प्रत्येक खुणेवर वीस सेकंद बोललं की दोन मिनिटं होतात.

काका: सायकल त्यांची, ते तिच्यावरून कामाला जायचे. इथे ‘यूज्ड टु’ येतं. काळी: जुन्या घाटाची, उंच, जड, मुलीच्या खांद्याला लागेल एवढी सीट. पावसात सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, चेनला घरातलंच खोबरेल तेल. दांडी: पाय पुरत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून, अंग वाकडं करून मारलेलं हाफ पायडल. ही कसरत इंग्रजीत सांगायला तयार शब्द नाही, म्हणून ती करून दाखवल्यासारखी सांगायची: ‘आय वॉज टू शॉर्ट फॉर द सीट, सो आय पुट वन लेग अंडर द क्रॉसबार अँड पेडल्ड लाइक दॅट.’ उतार: एके दिवशी शाळेकडून घरी येताना ब्रेक लागेनात. करवंद: रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळीत जाऊन पडले. पडवी: सायकल अजून तिथेच आहे.

‘करवंद’ला इंग्रजी शब्द आठवत नाही म्हणून पुष्कळजण तिथे गप्प होतात. गप्प व्हायचं नाही. ‘करवंद, अ स्मॉल ब्लॅक बेरी. द फ्रूट इज स्वीट, बट द बुश इज फुल ऑफ थॉर्न्स.’ शब्द नसताना गोष्ट समजावता येणं हे शब्दसंपत्तीच्या गुणांमध्ये मोजलं जातं. जांभ्याला ‘रेड स्टोन’ म्हणा, सड्याला ‘फ्लॅट रॉकी ग्राउंड’ म्हणा. गावातला शब्द आधी उच्चारावा आणि मग त्याची उकल करावी. त्याने बोलणं तुमचं राहतं, आणि परीक्षकालाही दिवसभर ऐकलेल्या त्याच त्या ‘इको-फ्रेंडली’मधून सुटका मिळते.

तिसरा भाग: मत, कारण, उदाहरण, ‘पण’

इथे प्रश्न तुमच्यापुरते राहत नाहीत. लोकांनी सायकल का सोडली? सरकारने काय करावं? भविष्यात सायकल टिकेल का? उत्तराची बांधणी मात्र साधी असते: आपलं मत, त्याचं कारण, एक उदाहरण, आणि शेवटी एखादा ‘पण’. उदाहरणासाठी थोडा ऐवज जवळ असावा.

सायकल सुटली कशी, हे सांगायला पुणे पुरेसं आहे. एकेकाळी ते सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. त्याच शहराशेजारी आकुर्डीला बजाजच्या स्कूटर तयार व्हायला लागल्या, १९७२ मध्ये चेतक आली, आणि मध्यमवर्गीय घराचं स्वप्न सायकलवरून स्कूटरवर गेलं. शहर पसरलं, कामाची ठिकाणं लांब गेली, वाहनं वाढली आणि रस्त्यावर सायकलवाल्याला भीती वाटू लागली. २०१७-१८ मध्ये ॲपवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकली पुण्यात आल्या, आणि काही काळाने त्यातल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. यातून निघणारा मुद्दा एका वाक्यात सांगता येतो: नुसती सायकल देऊन भागत नाही, तिला सुरक्षित रस्ता लागतो.

दुसरी बाजू नेदरलँड्सची. आज तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. पण १९७० च्या दशकात तिथेही मोटारींखाली मुलं मरत होती. लोक रस्त्यावर उतरले आणि पुढच्या काळात सायकलसाठी वेगळे रस्ते झाले. सायकल ही तिथल्या लोकांची उपजत सवय नव्हे, ठरवून घडवलेली गोष्ट आहे, हे या उदाहरणातून दिसतं.

सायकल आणि शिक्षण हा विषय निघाला तर बिहारचं उदाहरण आहे. तिथे २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या आहेत. शाळा लांब असली की मुलीचं नाव आधी कमी होतं. सायकल ते अंतर कमी करते.

धाडसाबद्दल विचारलं तर महाराष्ट्रात नावांची वाण नाही. १९२३ मध्ये आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण मुंबईहून सायकलवर निघाले आणि जगाला फेरा मारून १९२८ मध्ये परतले. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीत असताना सायकलवरून जगाची फेरी पुरी केली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला.

यातलं सगळं सांगायचं नाही. एका उत्तरात एक उदाहरण पुरतं, आणि त्यानंतर आपल्या गावाकडे वळायचं. ‘बट माय प्लेस इज डिफरंट’ हे वाक्य हातखंब्याच्या उमेदवाराच्या फार कामाचं आहे. नेदरलँड्स सपाट आहे आणि कोकण चढउताराचं. पुण्याला पाऊस बेताचा, इथे चार महिने झोडपतो. म्हणून इथे साध्या सायकलपेक्षा बॅटरीची सायकल जास्त चालेल, असं मत मांडता येईल. ते बरोबर की चूक हा प्रश्नच नाही. ते तुमचं आहे आणि त्यामागे कारण आहे, एवढं पुरतं.

सायकल येतच नसेल तर

कोकणात न शिकलेलेही पुष्कळ आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘आय नेव्हर लर्न्ट’ म्हणा आणि कारण सांगा: घराभोवती सपाट जागाच नव्हती, किंवा घरात एकच सायकल होती आणि ती भावाकडे असायची. हे शेवटचं कारण पुष्कळ मुलींचं असेल, आणि त्यावर दोन मिनिटं सहज बोलता येतं. स्वतः चालवली नसेल तर दुसऱ्याची सांगा: सकाळी वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, टपाल घेऊन येणारे पोस्टमन, गोव्यात भोंगा वाजवत पाव विकणारा पोदेर. सायकल पाहिलेली नाही असा माणूस मिळणार नाही.

शेवटच्या आठवड्यात

शब्दांच्या नव्या याद्या आता बाजूला ठेवा. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा: काका, तुम्ही सायकल कुठे शिकलात? कोणाची होती? कितीला घेतली होती? उत्तर मराठीत ऐका. मग फोनवर दोन मिनिटांचं घड्याळ लावा आणि तीच गोष्ट मराठीत सांगून बघा. पुष्कळांचं मराठीतच चाळीस सेकंदांत संपतं. अडचण इंग्रजीची नव्हती, गोष्ट भरली नव्हती, हे तिथे कळतं. मराठीत दोन मिनिटं भरली की मग इंग्रजीत सांगा, रेकॉर्ड करा आणि ऐका. जिथे अडलात तेवढेच शब्द शोधा. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट वेगळ्या टोकाकडून सुरू करा, म्हणजे ती पाठ होणार नाही.

दुसऱ्या भागात तुमचं बोलणं संपलं की परीक्षक बहुधा एखादा छोटा प्रश्न विचारतो. त्याची तयारी कुठल्याच पुस्तकात नसते. समजा, आपल्या मुलीला त्याने विचारलं, ‘डू यू स्टिल हॅव इट?’ पाठ केलेली सायकल इथे गडप होते. पडवीतली सायकल मात्र जागेवर असते, आणि उत्तर आपसूक तोंडात येतं:

‘यस. बट नाउ वी ओन्ली ड्राय क्लोद्ज ऑन इट.’